मराठी वाहिन्यांच्या कथाविभागांना खुले पत्र : एका पत्र्याच्या ट्रंकेबद्दल

प्रति,
कथाविभाग प्रमुख, क्रिएटिव्ह मंडळी आणि कार्यकारी निर्माते,
सर्व मराठी मनोरंजन वाहिन्या, मुंबई.

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या घरात सध्या एक पत्र्याची ट्रंक पडून आहे आणि ती तुमची आहे. म्हणजे तुमच्यापैकी एकाच्या मालिकेची. कोणाच्या, ते सांगत नाही. मला अजून या धंद्यात राहायचंय.

मी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहितो. त्या मालिकेत बेस्टमधून निवृत्त झालेला एक कंडक्टर होता, लालबागच्या चाळीतला. आमच्या आर्टदादांनी त्याची दहा बाय बाराची खोली अशी उभी केली होती की पहिल्यांदा आत शिरताना मी नकळत चपला दाराबाहेर काढल्या. विजेच्या बटणांभोवती बोटांचे काळपट डाग. किराणा दुकानाचं कॅलेंडर आणि दूध न आलेल्या तारखांवर पेन्सिलीच्या फुल्या. कॉटखाली ही ट्रंक, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं, अर्धं खरवडून गेलेलं नाव. तिच्यावर मी एक सीन लिहिला होता. रात्री सगळे झोपल्यावर म्हातारा ट्रंक उघडतो, तिकिटं पंच करायचा जुना चिमटा काढतो आणि अंधारात नुसता दोनदा वाजवतो. टिक टिक. भिंतीकडे तोंड करून झोपलेली बायको न वळताच विचारते, "आला का स्टॉप?" बस, एवढाच सीन.

शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी वाहिनीतर्फे एक जण आले, खोलीत एक फेरी मारली आणि म्हणाले, "गरिबी दिसू दे, पण छान दिसू दे." रातोरात भिंतींना पिस्ता रंग लागला. डाग गेले, कॅलेंडर गेलं, ट्रंकेच्या जागी काचेचं शोकेस आलं. चिमटा शोकेसमध्ये ठेवला तर चालेल का, असं मला विचारण्यात आलं. शोकेसमध्ये ठेवलेली वस्तू कोणी रात्री चोरून वाजवत नाही, हे मला त्या वेळी नीट सांगता आलं नाही. सीन गेला. ट्रंक भंगारात निघाली तेव्हा पाचशे रुपये देऊन मी ती उचलली.

घरी आलो आणि १९३९ सालचा एक फ्रेंच सिनेमा पुन्हा लावला. पत्र लिहायचं ठरलं ते तिथे.

सिनेमाचं नाव 'ल झूर स लेव्ह', म्हणजे 'दिवस उजाडतो'. दिग्दर्शक मार्सेल कार्ने, संवाद जाक प्रेव्हेर या कवीचे, मुख्य भूमिकेत ज्याँ गाबँ. गोष्ट तुमच्या एका एपिसोडच्या ब्रीफमध्ये बसेल एवढी. कारखान्यात सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या फवाऱ्याने धातू घासायचं काम, करणारा एक कामगार एका माणसाला गोळी घालतो आणि इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. खाली पोलिस जमतात, चौकात गर्दी होते. रात्रभर तो खोलीत येरझाऱ्या घालतो आणि हे का घडलं ते आठवत राहतो. पहाटे स्वतःवरच गोळी झाडतो. संपलं.

आता त्या खोलीत काय काय आहे ते बघा. एक कपाट आहे, ते तो दाराला अडसर म्हणून ढकलतो. ज्या मुलीवर त्याचं प्रेम आहे तिच्याकडून मागून आणलेलं एक कापसाचं अस्वल आहे. आरसा आहे, तो फुटतो. सिगारेटी आहेत पण काडेपेटी नाही, म्हणून रात्रभर तो एका सिगारेटीच्या थोटकावर दुसरी पेटवतो. थोटूक विझलं तर पुढची पेटणार नाही. नायकाच्या आयुष्याची मुदत दाखवायला कार्नेने एवढंच वापरलंय. आणि एक गजराचं घड्याळ आहे. शेवटी पोलिस खोलीत अश्रुधुराचं नळकांडं टाकतात, धूर जमिनीवरून सरकत त्याच्या देहाजवळ येतो, खिडकीतून उजेड आत येतो आणि गजर वाजायला लागतो. त्याची कामावर जायची वेळ झालेली असते.

या घड्याळाला शोकेसमध्ये ठेवून बघा!

अशा सिनेमांना समीक्षक 'काव्यात्म वास्तववाद' म्हणतात. नाव जड आहे, त्याला घाबरू नका. ही मंडळी काही जाहीरनामा काढून एकत्र आली नव्हती. १९३० च्या दशकातल्या फ्रान्समध्ये मंदी होती, बेकारी होती. १९३६ मध्ये डाव्या आघाडीचं सरकार आलं, कामगारांना पहिल्यांदाच पगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा मिळाला, दोन वर्षांत ती उमेद ओसरली आणि पुढे युद्ध दिसू लागलं. या चढउतारात ज्याँ व्हिगो, ज्याँ रेन्वार, ज्युलियाँ द्युविविए, ज्याँ ग्रेमियाँ आणि कार्ने यांनी कामगार, खलाशी, पळून आलेले सैनिक, धुणावळी, बोटीवरचे संसार यांच्या गोष्टी सांगितल्या. गोष्टी साध्या माणसांच्या, पण उजेड असा की ओल्या फरसबंदीवरचं दिव्याचं प्रतिबिंबसुद्धा काहीतरी बोलतं. 'वास्तव' आणि 'काव्य' एकाच फ्रेममध्ये.

तुमच्यातला कोणीतरी आत्ता म्हणत असेल की त्यांना पॅरिसच्या गल्ल्या आयत्या मिळाल्या, आम्हाला शूटिंगला मढ आयलंडचा बंगला आणि घोडबंदर रोडचा शेड. मला खरं बोलायचंय ते इथेच. त्या गल्ल्या पुठ्ठा, लाकूड आणि प्लास्टरच्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा स्टुडिओत उभ्या केलेल्या होत्या. ज्या इमारतीत गाबँ कोंडून घेतो ती अलेक्झांद्र त्रोने या कलादिग्दर्शकाने बांधलेली. निर्मात्याने खर्च वाचवायला एक मजला कमी करायला सांगितला. त्रोने अडून बसला. माणूस एकटा आहे हे कळायला तो तेवढ्या उंचीवरच हवा, गर्दीपासून तेवढा लांब. एक मजला म्हणजे त्याच्या हिशेबात एकटेपणाचं माप होतं.

त्याच्या आदल्या वर्षीच्या 'ओतेल द्यू नोर' साठी तर त्याने पॅरिसमधला साँ-मार्तँ कालवाच बियाँकूरच्या स्टुडिओत बांधला. कालव्याचं पाणी, वरचा लोखंडी पादचारी पूल, काठावरचं हॉटेल, सगळं. खरा कालवा थोड्याच अंतरावर वाहत होता. मग खोटा कशाला? कारण खऱ्या कालव्यावर उजेड तुमच्या पात्राच्या मनाप्रमाणे पडत नाही. आज लोक त्या खऱ्या कालव्याकाठी जाऊन सिनेमातल्या हॉटेलची आठवण काढतात, म्हणजे खोट्याने खऱ्याला नाव मिळवून दिलं.

सांगायचा मुद्दा हा की ही कला मुळात स्टुडिओची आहे. लोकेशनवर जाऊन खरं पकडण्याची शाळा नंतरची, आणि ती इटलीची. तुमचं काम स्टुडिओतच चालतं. आज माणसांच्या जगण्याची गोष्ट बांधलेल्या भिंतींच्या आत रोज उठून सांगणारा तुमच्याइतका मोठा कारखाना दुसरा कुणाचा आहे? कार्नेचे खरे वारस तुम्ही व्हायला हवे होतात. तुमच्याकडे भिंती आहेत, सुतार आहेत, रंगारी आहेत, लाइटमन आहेत. रंग मात्र पिस्ता आहे.

'ओतेल द्यू नोर' वरून आठवलं. त्यात आर्लेती या नटीचं एक वाक्य आजही फ्रान्समध्ये म्हणीसारखं वापरलं जातं. पुलावर तिचा माणूस तिला सांगतो की मला हवापालट हवाय, इथलं 'वातावरण' बदलायला हवं आणि माझं वातावरण म्हणजे तू. तिला त्या शब्दाचा असा काही अपमान वाटतो की ती उसळून म्हणते, वातावरण? वातावरण? माझं थोबाड काय वातावरणासारखं दिसतंय? प्रत्येक ब्रीफमध्ये 'वातावरण क्रिएट करा' लिहून येतं, तेव्हा मला ही बाई कमरेवर हात ठेवून उभी दिसते. तिच्या चेहऱ्यात, आवाजात, चालीत ते होतंच. वेगळं क्रिएट करायला धूर सोडावा लागला नाही.

आता संवाद. हा माझा प्रांत, म्हणून जरा जास्त बोलतो.

कार्ने आणि प्रेव्हेर यांच्याच १९३८ च्या 'के दे ब्र्यूम' मध्ये सैन्यातून पळालेला एक सैनिक ल हाव्र बंदरात येतो. नावाचा अर्थ 'धुक्याचा धक्का', भाऊचा धक्का म्हणतो तो धक्का. तिथे त्याला पारदर्शक रेनकोट घातलेली एक मुलगी भेटते, मिशेल मॉर्गन, वय जेमतेम अठरा. जत्रेच्या रात्री एका आडोशाला तो तिला म्हणतो, "डोळे सुंदर आहेत तुझे, माहितीय." फ्रेंच सिनेमातलं बहुधा सगळ्यात प्रसिद्ध वाक्य हेच. त्यात काय आहे? काहीही नाही. उपमा नाही, चंद्र नाही. जादू आहे ती शेवटच्या 'माहितीय' मध्ये. सैनिकाला असलं बोलायची सवय नाही, बोलून गेल्यावर तो शब्दाचं एक शेपूट मागे सोडतो आणि त्यात त्याची लाज दिसते. ती म्हणते, मुका घ्या. आणि त्या मुक्यानंतर म्हणते, आणखी एक घे. आधी 'घ्या', मग 'घे'. एका क्रियापदात तिने 'तुम्ही' वरून 'तू' पर्यंतचा सगळा प्रवास केला. इंग्रजी सबटायटलमध्ये हे पार वाहून जातं, मराठीत जसंच्या तसं उतरतं. आपल्याकडे तर 'अहो' वरून 'अरे' वर येण्यात अख्खं लग्न मावतं. आणि आपण मालिकेत काय करतो? नायिकेच्या तोंडी तीन ओळींचं प्रेमपत्र देतो आणि तिन्ही वेळा कॅमेरा झूम करतो.

प्रेव्हेर पुस्तकातला कवी नव्हता, रस्त्यावरच्या बोलीचा कवी होता. त्याचा 'पारोल' हा संग्रह १९४६ चा, त्याआधी दहा वर्षं तो सिनेमातल्या कामगारांच्या, फुलवालीच्या, बेवड्याच्या तोंडून कविता करत होता. आपल्या भाषेत असे कवी कमी आहेत का? आहेत. ते तुमच्यासाठी शीर्षकगीत लिहितात, आणि मग त्यांना निरोप दिला जातो.

सेन्सॉर त्यांनाही होतं. 'के दे ब्र्यूम' चा नायक पळालेला सैनिक आहे, पण 'पळपुटा' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही अशी लष्करी खात्याची अट होती. शिवाय तो साधे कपडे चढवतो तेव्हा त्याने उतरवलेला गणवेश नीट घडी घालून खुर्चीवर ठेवलेला दिसला पाहिजे! कार्नेने घडी घातली. त्या नीटस घडीमुळे तो माणूस अधिकच हळवा दिसतो. तुमची नियमपत्रिका आम्हालाही घडी घालायला सांगते. तक्रार नाही. पण भिंतीचा रंग बदलावा अशी अट फ्रान्सच्या लष्करानेसुद्धा घातली नव्हती.

आणि टीआरपी? तोही होता हो. द्युविविएचा 'ला बेल एकीप' १९३६ चा. पाच बेकार दोस्तांना लॉटरी लागते आणि पैसे वाटून घेण्याऐवजी ते नदीकाठी एक पडका वाडा घेऊन सहकारी तत्त्वावर खानावळ-नाचघर काढतात. द्युविविए आणि लेखक शार्ल स्पाक यांनी शेवट शोकान्त केला होता. एकेक दोस्त गळतो आणि उरलेल्या दोघांत खून होतो. निर्मात्यांना धाकधूक वाटली. दुसरा, गोड शेवटही चित्रित झाला आणि पॅरिसजवळच्या एका थिएटरात दोन्ही दाखवून प्रेक्षकांचा कौल घेतला गेला. प्रेक्षकांनी मोठ्या बहुमताने गोड शेवट निवडला. हुरळून जाऊ नका. आज तो सिनेमा दुरुस्त होऊन पडद्यावर येतो तेव्हा दाखवतात द्युविविएचा, शोकान्त. कारण गोड शेवटात दोस्ती वाचवायला सगळा दोष त्या एका बाईच्या माथी मारून तिला हाकलून देतात. ही युक्ती कुठे पाहिल्यासारखी वाटते का? रात्री साडेसातला?

बायकांच्या बाबतीत मूळ मंडळीही काही संत नव्हती, हेही सांगून टाकतो. या सिनेमांत बाई बऱ्याचदा फुलासारखी निरागस तरी असते, नाहीतर पुरुषाला रसातळाला नेणारी. आर्लेतीसारख्या नटीने मधली जागा खेचून काढली ती स्वतःच्या बळावर. आणि व्हिगोच्या 'लातालांत' मध्ये, १९३४. मालवाहू होडीवर नवीन लग्न होऊन आलेली मुलगी, पाण्याला, नवऱ्याला आणि एका म्हाताऱ्या खलाशाच्या मांजरांना कंटाळून शहर बघायला पळते. सिनेमाने तिला शिक्षा केली नाही. शिक्षा सिनेमाला झाली. वितरकांनी तो कापला, त्यात त्या वर्षी गाजत असलेलं एक गाणं घुसडलं आणि सिनेमाचं नावच त्या गाण्यावरून ठेवलं. व्हिगो क्षयाने अंथरुणाला खिळलेला होता, त्या ऑक्टोबरमध्ये गेला. वय एकोणतीस.

पण 'लातालांत' चा कॅमेरामन जगला, आणि तुमच्या क्षेत्राशी नातं जुळतं ते त्याच्यामुळे. बोरिस कॉफमन. युद्धात तो युरोप सोडून अमेरिकेला गेला. १९५४ मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या गोदी कामगारांवरचा 'ऑन द वॉटरफ्रंट' त्याने टिपला आणि त्याला ऑस्कर मिळालं. बघा, होडीवरून थेट धक्क्यावर. त्याच १९५४ मध्ये अमेरिकन टीव्हीवर रेजिनल्ड रोझचं 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हे नाटक थेट प्रक्षेपित झालं. एक खोली, बारा माणसं, एक खटला. १९५७ ला त्याचा सिनेमा झाला, दिग्दर्शक टीव्हीतूनच आलेला सिडनी ल्युमेट आणि कॅमेऱ्यावर कॉफमन. खोली तीच राहते, पण हळूहळू लेन्स लांब होत जातात, कॅमेरा खाली खाली येतो आणि शेवटाकडे छत दिसायला लागतं, भिंती जवळ येतात. होडीच्या केबिनमध्ये दोन माणसं आणि ढीगभर मांजरं बसवून ज्याने फ्रेम लावली होती, त्याला ही खोली काय अवघड! एका खोलीत माणसं कोंडून नाट्य उभं करणं ही टीव्हीची जन्मजात मजबुरी, आणि ती मजबुरी ताकद कशी होते हे शिकवणारा माणूस व्हिगोच्या युनिटमधला.

दुसरा धागा त्रोनेचा. तो ज्यू होता, मूळचा बुडापेस्टचा. जर्मन ताब्याच्या काळात दक्षिण फ्रान्समध्ये लपून राहून त्याने कार्नेच्या 'लेझांफां द्यू पारादी' चे सेट आखले. संगीतकार जोझेफ कोस्माही तसाच लपलेला. (त्या नावातला 'पारादी', स्वर्ग, म्हणजे थिएटरातली सगळ्यात वरची, सगळ्यात स्वस्त बाल्कनी. आपल्याकडचा पिटातला प्रेक्षक तिथे छतापाशी बसायचा.) पुढे त्रोने हॉलिवूडला गेला आणि बिली वाइल्डरच्या १९६० च्या 'द अपार्टमेंट' साठी विमा कंपनीचं ते अथांग ऑफिस बांधलं. मागे मागे टेबलं लहान होत जातात, अगदी मागे मुलं बसवलेली आहेत, म्हणून ते हॉल मैलभर लांब वाटतं. या कामाला ऑस्कर मिळालं. आणि २००७ ते २०१५ अशी चाललेली 'मॅड मेन' ही टीव्ही मालिका, जिच्या ऑफिसात माणसं टेबलांच्या रांगेत एकटी पडतात, तिचा निर्माता मॅथ्यू वायनर 'द अपार्टमेंट' चं ऋण उघडपणे सांगतो. पहिल्या सीझनमध्ये पात्रं त्या सिनेमाबद्दल बोलतातही. १९३९ मधला तो जास्तीचा मजला आणि त्या ऑफिसातलं शेवटचं छोटं टेबल ही एकाच माणसाची मोजपट्टी. तिचं टोक टीव्हीत पोचलंय.

फ्रान्समध्ये तर सरळच. रेन्वारने १९५९ मध्ये खुद्द टीव्हीसाठी 'डॉक्टर कोर्देलिए' केला. नाटकासारख्या तालमी, मग एकदम अनेक कॅमेरे लावून सलग सीन, म्हणजे मल्टिकॅम. तुम्ही रोज करता तेच, फक्त तालीम वगळून. थिएटरवाले चिडले, पण म्हाताऱ्याला त्यात गंमत वाटत होती. पॅरिसमधल्या ब्यूत-शोमाँ इथल्या जुन्या गोमाँ स्टुडिओत पुढे फ्रेंच टीव्हीची नाटकं आणि मालिका घडल्या, इतक्या की त्या दिग्दर्शकांना त्या जागेच्या नावानेच ओळखतात. जॉर्ज सिमेनोंचा इन्स्पेक्टर मेग्रे टीव्हीवर आला, ज्याँ रिशारने १९६७ ते १९९० तो रंगवला, मग ब्रूनो क्रेमेरने १९९१ ते २००५. कालव्याचे दरवाजे, जस्ताचा पत्रा ठोकलेला दारूचा काउंटर, पावसात थांबलेली होडी आणि गुन्हेगाराकडे रागाने नव्हे तर कीव आल्यासारखं बघणारा पोलिस. १९३० च्या दशकातल्या सिनेमाचं जग टीव्हीने जवळजवळ चाळीस वर्षं जपलं आणि मध्यमवर्गीय घरांत रात्रीच्या जेवणानंतर बघितलं गेलं. जड नव्हतं ते लोकांना.

आपल्याकडेही एक धागा पोचलाय, थोडा वळसा घेऊन. १९४९-५० मध्ये रेन्वार 'द रिव्हर' करायला कलकत्त्यात आला. त्याच्याबरोबर त्याचा कलादिग्दर्शक युजीन लूरिए. त्याच्या हाताखाली बन्सी चंद्रगुप्त नावाच्या तरुणाने काम केलं. सत्यजित रायांच्या 'अपराजितो' मधलं बनारसचं घर याच बन्सीने स्टुडिओत बांधलं आणि अंगणात झिरपणारा उजेड कॅमेरामन सुब्रत मित्रने पांढरं कापड ताणून, त्यावर दिवे मारून आणला. लोकांना वाटलं, बनारसलाच शूटिंग केलंय. मग ही बन्सीदादांची नजर मुंबईत आली. जयवंत दळवींच्या 'चक्र' वर १९८१ मध्ये सिनेमा झाला, स्मिता पाटील, मुंबईची झोपडपट्टी, कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्त. त्या सिनेमातल्या झोपड्यांत प्रत्येक डबा, प्रत्येक दोरी कोणाची तरी आहे. तेव्हा हे सगळं परदेशी आहे, आपल्या मातीतलं नाही, ही सबब माझ्यासमोर चालणार नाही. मराठी कादंबरीपर्यंत येऊन गेलंय ते.

शिवाय १९३९ मध्येच, पुण्याच्या प्रभातमध्ये, शांतारामबापूंचा 'माणूस' आला. एक पोलिस आणि एक वेश्या, एका गल्लीत. फत्तेलालांचं कलादिग्दर्शन. हा निव्वळ योगायोग, पण दोन ठिकाणच्या सुतारांनी एकाच वर्षी साध्या माणसांसाठी गल्ल्या ठोकल्या याचा मला उगाच अभिमान वाटतो.

आता तुमच्या बाजूने एक मोठी अडचण आहे आणि ती मी मान्य करतो. काव्यात्म वास्तववादाला शेवट लागतो. गाबँला पहाटेपर्यंत मरायचंय, म्हणून त्याच्या प्रत्येक सिगारेटीला किंमत आहे. आपल्या मालिकेला शेवट नसतो. नायक मेला तर प्लास्टिक सर्जरी करून परत येतो. ज्याला मरण नाही त्याला नशीबही नाही, त्याच्या वाट्याला फक्त ट्रॅक येतात. सहाशे एपिसोड चालवायचे असतील तर ट्रंक काय, खोलीसुद्धा टिकत नाही. दोनशेव्या एपिसोडला सगळे बंगल्यात राहायला जातात. मला ते गणित कळतं. माझा हप्ताही त्याच सहाशेतून जातो.

म्हणून मागणी छोटी आहे. आठवड्यातला एक स्लॉट, रात्री दहानंतरचा, जिथे तसाही रिपीट लागतो. तेरा भाग. पहिला भाग लिहायच्या आधी शेवट ठरलेला आणि तो कोणी रविवारच्या आकड्यांवरून बदलायचा नाही. मुख्य पात्राला धंदा हवा, आणि तो आम्हाला दिसला पाहिजे. 'बिझनेसमन' चालणार नाही. गाबँच्या अंगावर सँडब्लास्टिंगचा पोशाख आहे, मुलगी फुलं घेऊन कारखान्यात येते आणि त्या धुळीत ती फुलं तिथल्या तिथे कोमेजतात. सगळी प्रेमकथा त्यात आली. आमच्याकडे लोको पायलट आहेत, डायलिसिस टेक्निशियन आहेत, मॉलमध्ये दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली आहेत, ज्यांना बसायला स्टूल नसतं. संगीताचंही बघा. 'ल झूर स लेव्ह' ला मॉरिस जोबेरचं संगीत आहे. कमी, आणि जिथे आहे तिथे खालून ठोक्यासारखं वाजणारं, छातीतल्यासारखं. १९४० च्या जूनमध्ये तो युद्धात मारला गेला. आपल्या प्रत्येक वाक्यानंतरचं ते 'ढॅण' तेरा भाग बंद ठेवता येईल का?

तालमीसाठी दोन दिवस द्या. आणि लाइटमनला एखादा कोपरा काळा ठेवायची मुभा द्या. आमचे लाइटमन उत्तम आहेत, पण 'चेहरा दिसला पाहिजे' या फोनच्या भीतीने ते अंधाराला हात लावत नाहीत.

उदासी विकली जात नाही, असं तुम्ही म्हणाल. १९३८ मध्ये फ्रान्सलाही तसं वाटत होतं. 'के दे ब्र्यूम' पुढे चालला आणि पुरस्कारही मिळाला. मग देश हरल्यावर राज्यकर्त्यांनी असल्या सिनेमांवर खापर फोडलं, लोकांचं मनोधैर्य यांनीच खचवलं म्हणून. 'ल झूर स लेव्ह' वर तर १९३९ च्या डिसेंबरातच बंदी आली होती. कार्नेचं यावरचं उत्तर सांगतात ते असं : वादळ आलं म्हणून बॅरोमीटरला दोष देऊन कसं चालेल?

ता. क. आर्टदादांशी बोलणं झालंय. जुना रंग त्यांच्याकडे अजून अर्धा डबा आहे. बटणांभोवतीचे डाग ते कसे करतात ते मात्र सांगत नाहीत, चहापत्ती आणि आणखी काहीतरी असतं. चिमटा माझ्याकडे आहे, वाजतो. ट्रंकेचं एक बिजागर निखळलंय, ते मी बसवून घेतो. हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करा, टेम्पो तुमचा.

आपला,
एक संवादलेखक